नॅव्हरोनच्या तोफा, पुलगावची कोठारं

१९६१ चा ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ म्हणजे आजच्या सगळ्या ‘मिशन’वाल्या पिक्चरांचा बाप. शाळेत असताना पाहिला असेल, तर शेवटी तोफा उडतात एवढंच आठवत असेल. आता कॉलेजात आलात, तर पुन्हा पाहा. आणि वर्धा जिल्ह्यात राहत असाल, तर नक्कीच पाहा. कारण दारूगोळ्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना हा पिक्चर जरा वेगळा दिसतो.

तुम्ही शेवटचा युद्धपट कोणता पाहिलात? ‘उरी’? ‘शेरशाह’? की भावाच्या मोबाइलवर अर्धामुर्धा ‘बॉर्डर’? त्यात किती स्फोट झाले, मोजलेत का? नाही ना. कोणीच मोजत नाही. शत्रूचा दारूगोळ्याचा साठा उडाला, पडदा नारिंगी झाला की शिट्ट्या पडतात. त्या जगभर पडतात आणि त्यात गैर काही नाही. थ्रिलर बघायला आपण त्यासाठीच तर जातो.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या वर्गात पुलगाव, नाचणगाव, आगरगाव किंवा देवळीकडून रोज अप-डाउन करणारं कोणी आहे का? असेल, तर त्याला किंवा तिला ३१ मे २०१६ च्या रात्रीबद्दल विचारा. तेव्हा ती पोरं शाळेत होती. पण आकाश नारिंगी होणं म्हणजे काय, हे त्यांना पडद्यावर बघून कळलेलं नाही.

या दोन प्रश्नांच्या मध्ये कुठेतरी ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ आहे.

आधी स्टोरी सांगून टाकू

पिक्चर साठ वर्षांहून जुना आहे. त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून भांडू नका.

साल १९४३. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात खेरोस नावाच्या बेटावर दोन हजार ब्रिटिश सैनिक अडकलेत. त्यांना सोडवायला जहाजं पाठवायची, तर वाटेत नॅव्हरोन बेट आहे. तिथे कड्याच्या पोटात, गुहेत, जर्मनांच्या दोन महाकाय तोफा आहेत. समुद्राकडून हल्ला करता येत नाही आणि विमानातून बाँब टाकून उपयोग होत नाही. मग एकच मार्ग उरतो. पाच-सहा माणसांनी मच्छीमारांच्या वेशात जायचं, ज्या कड्यावरून कोणी येणार नाही म्हणून जर्मन निर्धास्त आहेत तोच चढायचा, आत शिरायचं आणि तोफा उडवायच्या. हातात दिवस मोजकेच.

ही माणसं कोण? गिर्यारोहक कॅप्टन मॅलरी (ग्रेगरी पेक). स्फोटकांचा तज्ज्ञ कॉर्पोरल मिलर (डेव्हिड निव्हन). ग्रीक कर्नल आंद्रेया (अँथनी क्विन). मोहीम आखणारा मेजर फ्रँकलिन (अँथनी क्वेल). सुरीने माणसं मारून मारून थकलेला ब्राउन (स्टॅनली बेकर). आणि बेटावरचाच तरुण पापादिमोस (जेम्स डॅरन). बेटावर त्यांना दोन स्त्रिया भेटतात. बंडखोर मारिया (आयरीन पापास) आणि जर्मनांच्या छळामुळे वाचा गेलेली अ‍ॅना (जिया स्काला).

दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. कथा अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या १९५७ च्या कादंबरीवरून घेतलेली. मॅक्लीन स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता आणि एजियन समुद्रही त्याने पाहिलेला होता. पिक्चरला ऑस्करची सात नामांकनं मिळाली आणि प्रत्यक्षात एक ऑस्कर मिळालं, स्पेशल इफेक्ट्सचं. शूटिंग ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर झालं. तिथल्या एका छोट्या खाडीला आजही अँथनी क्विनचं नाव आहे.

‘अवघड टार्गेट, मोजकी माणसं, प्रत्येकाची एकेक खासियत, टीममध्ये एक फितूर, शेवटच्या मिनिटाला स्फोट’ हा साचा तुम्ही शंभरदा पाहिलाय. हाइस्ट सिरीजमध्ये पाहिलाय, गेममध्ये खेळलाय. तो साचा लोकप्रिय करणाऱ्यांमध्ये हा पिक्चर फार वरचा. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात वाटेल, ‘हे तर माहितीये बे!’ जरा थांबा. खरा पिक्चर पुढे आहे.

स्फोटापेक्षा भांडणं बघा

पहिल्यांदा बघताना आपण कडा, वादळ, होडी आणि तोफा बघतो. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं, की पिक्चरचा बराच वेळ ही माणसं एकमेकांशी भांडतायत. आणि प्रत्येक भांडणाचा विषय एकच. ठरवायचं कोणी आणि करायचं कोणी?

आंद्रेयाचंच घ्या. त्याने मॅलरीला सांगून ठेवलंय, की युद्ध संपलं की मी तुला मारणार. काहून? तर मॅलरीने एकदा माणुसकी म्हणून जखमी जर्मनांना जाऊ दिलं होतं. ते जर्मन आंद्रेयाच्या घरी गेले आणि त्यांनी त्याची बायको-पोरं मारली. म्हणजे दया एकाने दाखवली आणि किंमत दुसऱ्याच्या घराने मोजली. मॅलरी तेव्हापासून दया दाखवायलाच घाबरतो.

मग फ्रँकलिनचं प्रकरण. कडा चढताना तो पडतो, पाय मोडतो, पाय सडायला लागतो. त्याला सोबत नेता येत नाही आणि मागेही ठेवता येत नाही, कारण पकडला गेला तर बोलेल. मॅलरी काय करतो? त्यालाच खोटं सांगतो, की आपली मोहीम रद्द झालीय, आता आरमार दुसऱ्या किनाऱ्यावर उतरणार आहे. पुढे फ्रँकलिन जर्मनांच्या हाती लागतो. ते त्याला औषध टोचून बोलतं करतात आणि तो इमानदारीने ती खोटी माहिती ‘खरी’ म्हणून सांगतो. जर्मन सैन्य किल्ला सोडून दुसरीकडे धावतं. प्लॅन एकदम झकास! फक्त मिलरला हे कळतं तेव्हा तो मॅलरीवर असा भडकतो, की बघताना आपलीही मान खाली जाते. कारण एक क्षण आधी आपण त्याच प्लॅनवर खूश होतो.

आणि तिसरी, अ‍ॅना. मिलरच्या स्फोटकांची सामग्री कोणीतरी निकामी केलीय. संशय येतो. छळामुळे वाचा गेली असं सांगणाऱ्या अ‍ॅनाच्या पाठीवर छळाची एकही खूण निघत नाही. ती फितूर असते. छळाच्या भीतीनेच फितूर झालेली. तिला सोबत नेता येत नाही, बांधून ठेवता येत नाही, सोडता तर येतच नाही. मग तिला मारायचं कोणी? इथे मिलर हटून बसतो. त्याचं म्हणणं साधं आहे. निर्णय तुझा आहे ना, मग या वेळी गोळीही तूच घाल. दरवेळी हुकूम वरून येणार आणि हात आमचे बरबटणार, हे चालणार नाही. मॅलरी पिस्तूल उचलतो. पण गोळी झाडते मारिया. तिचीच मैत्रीण.

इथे एक गंमत सांगतो. कादंबरीत मारिया आणि अ‍ॅना नाहीतच. तिथे त्यांच्या जागी लौकी आणि पानायिस हे दोन पुरुष आहेत आणि फितूर पानायिस निघतो. आंद्रेया आणि मॅलरीचं वैरही पुस्तकात नाही, तिथे ते पक्के दोस्त आहेत. ही सगळी भांडणं आणली पटकथाकार आणि निर्माता कार्ल फोरमनने. हा माणूस अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत टाकला गेलेला. काम मिळेना म्हणून इंग्लंडला गेला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ त्याने आणि मायकल विल्सनने लिहिला, पण नाव लागलं नाही. ऑस्कर मूळ कादंबरीकाराला दिलं गेलं. ती चूक सुधारायला १९८४ साल उजाडलं, तोवर दोघंही जिवंत नव्हते. ज्या माणसाकडे ‘मित्रांची नावं सांग’ अशी मागणी झाली होती, त्याने छळ, फितुरी आणि आपल्याच माणसाशी खोटं बोलणं यावर पिक्चर लिहिला. आता त्या सीनकडे पुन्हा बघा.

लिफ्टमधली ती पेटी

शेवटचा भाग तर अभ्यास करण्यासारखा आहे. मिलर आणि मॅलरी तोफांच्या गुहेत शिरतात. तोफांना काही स्फोटकं लावतात, सहज सापडतील अशी. जर्मन आत आल्यावर ती काढून टाकतात आणि खूश होतात. खरी स्फोटकं आहेत दारूगोळा वर आणणाऱ्या लिफ्टच्या वाटेत. लिफ्ट ठरावीक खाली गेली की तारा जुळणार आणि स्फोट होणार. लिफ्ट जाते, येते. पुन्हा जाते, थोडी वरच थांबते. समोर जहाजं आलीत, तोफा धडाडतायत आणि आपण नखं खातोय.

मिलरची अक्कल कशात आहे बघा. तोफ कितीही मोठी असली, तरी तिला गोळे कोणीतरी आणून द्यावे लागतात. ते खाली साठवलेले असतात. तेव्हा तोफेला हात लावायची गरजच नाही. जिथे गोळे साठवलेत आणि ज्या वाटेने ते हलवतात, तिथे मर्म आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण आता आपण नॅव्हरोन सोडून पुलगावला चाललोय. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं आपलं पुलगाव.

३१ मे २०१६

पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, म्हणजे सगळे ज्याला ‘सीएडी’ म्हणतात ते, देशातलं सर्वात मोठं. कारखान्यांत बनलेला दारूगोळा इथे येतो, साठवला जातो आणि इथून लष्कराच्या पुढच्या ठिकाणांवर जातो. म्हणजे सरहद्द इथून हजार किलोमीटरवर असली, तरी तिथे झाडल्या जाणाऱ्या गोळ्याची वाट आपल्या जिल्ह्यातून जाते.

असं भांडार म्हणजे एकच मोठं गोदाम नसतं. वेगवेगळी शेड असतात आणि मुद्दाम लांब लांब बांधलेली असतात. मध्ये मातीचे बांध असतात. एका शेडमध्ये काही झालं, तर आग दुसऱ्या शेडपर्यंत पोचू नये म्हणून. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, याचेही नियम असतात. हा सगळा कारभार एका गृहीतकावर चालतो. कधी ना कधी काहीतरी बिनसणार, तेव्हा ते एकाच शेडपुरतं राहिलं पाहिजे.

३० मे संपून ३१ मे सुरू झाला होता. रात्री एकच्या सुमाराला एका शेडला आग लागली. मग स्फोट. आसपासच्या गावांतल्या लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडली. आगरगाव, नाचणगाव आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून हजारावर माणसं हलवावी लागली. खिडक्यांची तावदानं फुटली. आग इतर शेडपर्यंत गेली नाही. कोणी जाऊ दिली नाही? जी माणसं ती विझवायला आत गेली, त्यांनी. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जण त्या रात्री गेले. त्यांत बरेचसे अग्निशमन दलाचे आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे लोक होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला येऊन गेले.

पुढे चौकशीत जे समोर आलं, त्यात शत्रू नव्हता, फितूर नव्हता, मिलर तर नव्हताच. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं. सायन्सवाल्यांना पटकन कळेल. टीएनटी साधारण ८० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून तर ते वितळवून सुरुंगात किंवा गोळ्यात ओतता येतं. पण त्यात अशुद्धी राहिली, तर कमी तापमानालाही ते तेलासारखं बाहेर झिरपू शकतं आणि झिरपलेला माल धोकादायक असतो. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, कारखान्यातल्या एका टप्प्यावर काम नीट झालं नाही. त्याची किंमत खूप नंतर, खूप लांब, मध्यरात्री पाण्याचा पाइप हातात धरलेल्या माणसाने मोजली.

पिक्चरमध्ये दारूगोळा उडतो तेव्हा कॅमेरा लांब समुद्रावर असतो. जहाजांवरचे सैनिक जल्लोष करतात. आत गुहेत लिफ्ट चालवणारा, गोळे ढकलणारा जो कोणी जर्मन पोऱ्या होता, त्याचा चेहरा आपण बघत नाही. बघितला तर शिट्टी वाजणार नाही. थ्रिलरचा हा नियमच आहे. पण पुलगावात आपल्याला तो नियम लावता येत नाही. इथे लिफ्टजवळ उभा असलेला माणूस कोणाचा तरी बाप आहे आणि त्याची पोरगी तुमच्या मागच्या बाकावर बसते.

आणि मग सोनेगाव

दुसरी तारीख २० नोव्हेंबर २०१८. मंगळवार, सकाळची वेळ.

दारूगोळ्यालाही एक्स्पायरी असते. जुना झाला, की तो ठेवणंही धोक्याचं आणि वापरणंही. मग तो मोकळ्या मैदानावर नेऊन, खड्ड्यात ठेवून नष्ट करतात. पुलगावच्या भांडाराजवळ सोनेगाव शिवारात असं मैदान आहे. त्या सकाळी निकामी करायच्या मालाच्या पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, अनेक जखमी झाले. बहुतेक जण ठेकेदाराकडे कामाला आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते.

रोजंदारीवर आलेले, हे नीट वाचा. ज्यांना कोणी ‘मिशन’ समजावून सांगितलं नव्हतं. ज्यांच्या नावाने पार्श्वसंगीत वाजत नाही. शेतात काम नसलं, की जे काम मिळेल ते करायचं, त्यातलंच हे एक काम.

आता मिलरचं भांडण पुन्हा आठवा. ठरवतं कोण आणि हात कोणाचे? पेटीत काय आहे, ती कशी उचलायची, किती अंतरावर उभं राहायचं, हे ज्यांना पक्कं माहीत होतं ते आणि ज्यांनी पेट्या उचलल्या ते, एकच होते का? तो पिक्चरमधला कॉर्पोरल निदान आपल्या कॅप्टनच्या तोंडावर ‘तू कर’ म्हणू शकला. कारण तो तज्ज्ञ होता, त्याच्याशिवाय मोहीम अडली असती. रोजाने आलेला माणूस ‘नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो.

हे वाचून ‘लष्कराविरुद्ध काहीतरी चाललंय’ असं समजू नका. उलट आहे. सैनिकाला मान द्यायचा, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या साखळीला द्यावा लागतो. त्यात आग विझवणारा येतो, पहारा देणारा येतो आणि पेटी उतरवणारा मजूरही येतो. ‘उरी’ बघून आलेला जोश पुलगावपर्यंत पोचत नसेल, तर तो अर्धवट आहे.

१९४३ मध्ये वर्धा काय करत होतं?

पिक्चरचा काळ १९४३ आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं, हे पाहिलं की आणखी मजा येते.

त्याच्या तीन वर्षं आधी, १७ ऑक्टोबर १९४० ला, धाम नदीकाठच्या पवनारला विनोबा भावे उभे राहिले आणि या युद्धाला मदत करू नका, असं जाहीर भाषण केलं. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही. काही दिवसांत अटक झाली. दुसऱ्या सत्याग्रहींचं नाव जवाहरलाल नेहरू. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीचा गांधीजींशी मतभेद झाला होता. देशाच्या संरक्षणासाठीही अहिंसाच, इथपर्यंत आम्ही तुमच्यासोबत येऊ शकत नाही, असं कार्यकारिणीने म्हटलं. म्हणजे ‘नाझींसारखा शत्रू समोर असताना काय करायचं?’ हा मॅलरी आणि मिलरचा वाद वर्ध्यात खरोखर झाला. खऱ्या माणसांमध्ये झाला आणि तोही सोपा नव्हता.

मग १४ जुलै १९४२ ला वर्ध्यातच कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत ‘छोडो भारत’चा हुंकार उठला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसं मेली. नॅव्हरोनच्या काल्पनिक मोहिमेच्या काळात गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, आणि त्यांना कैदेत ठेवणारं सरकार हे मॅलरीचंच सरकार होतं.

म्हणून सेवाग्रामच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोराला या पिक्चरमध्ये एक जास्तीची गोष्ट दिसते. दोन हजार ब्रिटिश सैनिक वाचावेत असं आपल्याला मनापासून वाटतं, नाझी हरावेत असंही वाटतं. आणि त्याच वेळी आष्टीचं पोलीस ठाणंही आठवतं. दोन्ही खरं आहे. इतिहास एका वेळी एकच बाजू घ्या, असं म्हणत नाही. परीक्षेत पाच मार्कांसाठी म्हणतो तेवढंच.

एकाच जिल्ह्यात, वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर पुलगाव. एकीकडे ‘साधन शुद्ध हवं’ म्हणणाऱ्याची कुटी, दुसरीकडे देशाचं सर्वात मोठं दारूगोळा भांडार. मेडिकल कॉलेजला असाल, हिंदी विद्यापीठात असाल, नाहीतर शहरातल्या कुठल्याही कॉलेजात, या दोन्ही जागांच्या मध्ये तुम्ही रोज राहता. दोन्हींना उत्तर द्यायची सवय वर्धेकराला असायला हवी.

खरं नॅव्हरोन

जाता जाता आणखी एक. नॅव्हरोन हे बेट नकाशावर शोधू नका, ते नाहीच. खेरोसही नाही. पण मॅक्लीनच्या कथेमागे लेरोस नावाच्या खऱ्या बेटाची लढाई होती, असं मानलं जातं. नोव्हेंबर १९४३ मध्ये लेरोसवर ब्रिटिश सैनिक होते. जर्मन विमानांनी त्यांना भाजून काढलं, मग सैन्य उतरवलं. पाचेक दिवसांत बेट पडलं. तीन हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक कैदी झाले. शेवटच्या मिनिटाला कोणी तोफा उडवल्या नाहीत.

म्हणजे प्रत्यक्षात जिथे हार झाली, तिथे चौदा वर्षांनी कादंबरीत आणि अठरा वर्षांनी पडद्यावर विजय झाला. पिक्चर हे काम करतात. दुखरी जागा असते, तिच्यावर गोष्ट बांधतात. फक्त आपण बघताना गोष्ट कुठली आणि जागा कुठली, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

पुन्हा बघाल तेव्हा…

* दोन तास अडतीस मिनिटांचा पिक्चर आहे. दीडपट वेगाने बघू नका. कडा चढण्याचा भाग जवळजवळ संवादांशिवाय आहे, तो हेडफोन लावून बघा.

* मिलरवर लक्ष ठेवा. तो जोक मारतो म्हणून आपण त्याला विनोदी पात्र समजतो. प्रत्यक्षात सगळे अवघड प्रश्न तोच विचारतो. आणि हे करणारा डेव्हिड निव्हन शूटिंगच्या शेवटी इन्फेक्शनने इतका आजारी पडला होता, की तो वाचतो की नाही अशी भीती होती.

* ब्राउनकडे बघा. वर्षानुवर्षं सुरी चालवून तो आतून संपलाय. शेवटी तो एक क्षण कचरतो आणि तोच क्षण त्याला महाग पडतो. मारण्याचा थकवा दाखवणारे युद्धपट तेव्हाही कमी होते, आजही कमीच आहेत.

* मग ‘राझी’ बघा. सहमतच्या हातून जे होतं आणि त्यानंतर ती जशी कोसळते, ते अ‍ॅना-मारियाच्या सीनशेजारी ठेवून बघा. साठ वर्षांच्या अंतरावरचे दोन पिक्चर एकमेकांशी बोलतात.

* शेवट बघा. सगळं यशस्वी झाल्यावर मॅलरी आणि मिलर उड्या मारत नाहीत. हे जमेल असं आपल्याला वाटलंच नव्हतं, अशी दोघं शांतपणे कबुली देतात. आंद्रेया मात्र मारियासोबत बेटावर परत जातो. कारण तोफा उडाल्या, तरी गावातल्या लोकांचं युद्ध अजून संपलेलं नाही.

ही शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची. पाहुणे मिशन संपवून जहाजावर चढले. बेटावरची माणसं बेटावरच राहिली. जर्मन आता सूड घेतील, तो तेच भोगणार.

प्रत्येक स्फोटाच्या आसपास एक गाव असतं. नॅव्हरोनवर होतं, लेरोसवर होतं, आगरगाव आणि सोनेगाव तर आपलीच. तेव्हा पिक्चर जरूर बघा, तोफा उडतील तेव्हा शिट्टीही वाजवा. पण रविवारी रिकामे असाल, तर पुलगावच्या त्या दोस्ताच्या घरी चहाला जा. त्या रात्री त्यांच्या गल्लीत काय झालं, कोण कुठे पळालं, कोण परत आलं नाही, हे त्याच्या आई-बाबांना विचारा आणि फक्त ऐका. जमलं तर लिहून ठेवा. नॅव्हरोनवर पुस्तक झालं, पिक्चर झाला, १९७८ मध्ये दुसरा भागही आला. सोनेगावच्या सहा जणांची गोष्ट मात्र अजून त्यांच्या घरच्यांनाच माहीत आहे. ती कोणीतरी विचारायला हवी ना?